मांडवाचे पंचांग

विसरवाडी हे नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यातले, धुळे-सुरत रस्त्यावरचे गाव. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा वेगळा जिल्हा झाला, त्यापूर्वी हा सारा भाग धुळे जिल्ह्यात होता. श्रावण-भाद्रपदात या बाजूला हिंडले तर परसापरसांत चार मेढी रोवून केलेले मांडव दिसतात. त्यांवर गिलके, दोडके, कारली, वालपापडी लोंबत असतात, आणि कुडाच्या भिंतीवरून डांगराचा वेल छपरावर गेलेला असतो. वेलाखालची सावली ही या भागातल्या माणसाला कोणी शिकवावी लागत नाही.

तरीही आम्ही ती पुस्तकातून शिकायला गेलो आणि फसलो. काही वर्षांपूर्वी विसरवाडीत घरामागे आम्ही बांबू आणि प्लास्टिकचा कागद वापरून लहानसे हरितगृह उभारले. मिरचीची, पपईची रोपे करावीत, मुलांना दाखवावीत, एवढाच हेतू. उन्हाळ्यात आतली हवा फार तापते, तेव्हा छपरावर वेल चढवावा, असे एका विलायती बागकामाच्या पुस्तकात वाचले. पहिल्या पावसाबरोबर आम्ही गिलक्याचे बी टोचले. ऑगस्टमध्ये छप्पर हिरवेगार झाले आणि आम्हाला मोठा आनंद झाला. पण आतली रोपे उजेडाअभावी लांबट आणि पिवळी पडली. जानेवारीत वेल वाळला. एप्रिलमध्ये मांडवावर नुसत्या काटक्या उरल्या, आणि मे महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात आतली रोपे होरपळून गेली.

वेल चढवला होता, सावलीही मिळाली होती. ती फक्त चुकीच्या महिन्यांत मिळाली. पुस्तकात काय चुकले होते? खरे तर काहीच नाही. ते दुसऱ्या आकाशाखाली लिहिलेले होते, एवढेच. हा फरक नीट समजून घ्यायचा तर हरितगृहाचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहावा लागतो.

काकडीसाठी पारदर्शक दगड

गंमत अशी की, हरितगृहाच्या इतिहासातली पहिली प्रसिद्ध वनस्पती वेलवर्गीयच आहे. इ. स. १४ ते ३७ या काळात रोमवर राज्य करणाऱ्या टायबेरियस या सम्राटाला रोज काकडी लागे, असे प्लिनी या रोमन लेखकाने नोंदवले आहे. त्याचे माळी चाकांवरच्या वाफ्यांत काकडी लावत, उन्हात वाफे बाहेर ढकलत आणि थंडीत पारदर्शक दगडाच्या पातळ पत्र्यांखाली ठेवत. काकडीचे मूळ माहेर हिमालयाच्या पायथ्याचा प्रदेश मानतात. म्हणजे आपल्याकडच्या उन्हाची सवय असलेल्या वेलासाठी थंड देशात ऊन साठवण्याची सोय करावी लागली.

पुढे युरोपात संत्र्या-लिंबांची झाडे हिवाळ्यात ठेवण्यासाठी दक्षिणेकडे मोठ्या खिडक्या असलेल्या इमारती बांधल्या गेल्या. नंतर आली द्राक्षगृहे. लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात १७६८ साली लावलेला द्राक्षाचा वेल आजही काचेच्या छपराखाली फळे देतो. अशा काचघरांत छपराच्या आतून वेल पसरवला की उन्हाळ्यात त्याच्या पानांची सावली खालच्या नेच्यांना आणि इतर नाजूक झाडांना मिळे. पानगळ झाली की तेच छप्पर मोकळे होई आणि हिवाळ्यातले तुटपुंजे ऊन आत येई. माळ्याला पडदे ओढायला नकोत, काढायला नकोत. वेलच आपल्या वेळेवर पडदा लावी आणि काढी. आम्ही वाचलेल्या सल्ल्याचा उगम या अनुभवात होता.

थंड देशातही काचघर उन्हाळ्यात तापते, हे तिथल्या लोकांना ठाऊक होते. काचेला चुन्याची निवळी फासणे हा जुना उपाय. लंडनच्या क्यू उद्यानातले भव्य ताडगृह १८४४ ते १८४८ या काळात बांधले गेले, तेव्हा रॉबर्ट हंट या शास्त्रज्ञाच्या सल्ल्याने त्याला तांब्याच्या संयुगाने हिरवट केलेली काच बसवली होती. उन्हाने पाने करपू नयेत, हा उद्देश. पण लंडनच्या धुराने मुळातच उजेड कमी झाला, आणि शतक संपेपर्यंत क्यूने साधी काच पुन्हा स्वीकारली. हिरवी काच बाराही महिने हिरवीच राहते. वेल तसा नसतो. या साध्या फरकावरच या लेखातले सारे उभे आहे.

ऊब कोठून येते?

हरितगृह का तापते, असे वर्गात विचारले तर बहुधा ठरलेले उत्तर येते: काच सूर्यप्रकाश आत येऊ देते, पण आतून निघणारे अवरक्त किरण अडवते. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आर. डब्ल्यू. वुड यांना या उत्तराची शंका आली. १९०९ साली त्यांनी दोन काळ्या खोक्या घेतल्या. एकीवर काच बसवली, दुसरीवर सैंधवाच्या स्फटिकाचा पत्रा. सैंधव अवरक्त किरणांना जवळजवळ अडवत नाही. उन्हात ठेवल्यावर दोन्ही खोक्यांचे तापमान सुमारे ६५ अंश सेल्सियसपर्यंत चढले, आणि सैंधवाची खोकी किंचित पुढेच होती. सूर्यकिरणांतला अवरक्त भाग आधीच गाळून टाकल्यावर दोन्ही सुमारे ५५ अंशांवर आल्या आणि त्यांच्यातला फरक एका अंशाहूनही कमी राहिला. तेव्हा हरितगृहातल्या उबेचे मुख्य कारण हे की तापलेली हवा वर जाऊन निसटू शकत नाही. (वातावरणातला कार्बन डायॉक्साइड मात्र खरोखरच अवरक्त किरण शोषून पृथ्वीला उबदार ठेवतो. ‘हरितगृह परिणाम’ हे त्याला मिळालेले नाव थोडे फसवे आहे, हे मुलांना जरूर सांगावे.)

याचा पडताळा पुढे प्लास्टिकने दिला. १९४८ साली केंटकी विद्यापीठातील एमरी एमर्ट यांनी, काच परवडत नाही म्हणून, लाकडी सांगाड्यावर सेलोफेनचा पारदर्शक कागद ताणून हरितगृह केले. त्यातूनच आजच्या पॉलिहाउसची परंपरा सुरू झाली. पॉलिथीनचा साधा पातळ कागद अवरक्त किरण बऱ्याच प्रमाणात बाहेर जाऊ देतो, तरी त्याखालचे घर दिवसा तापतेच, कारण हवा कोंडलेली असते.

यावरून उपायही दोनच निघतात. एक, गरम हवेला वर वाट करून द्यावी. दोन, ऊन आत शिरण्याआधीच बाहेर अडवावे. आत पडदा लावला तर ऊन पडद्यावर पडून पडदा तापतो आणि ती उष्णता आतच राहते. सावली छपराच्या वर हवी, आणि सावली व छप्पर यांच्यामध्ये वारा खेळायला जागा हवी.

वेलाची सावली जाळीच्या सावलीपेक्षा एका बाबतीत वरचढ आहे. जाळी ऊन अडवते आणि स्वतः तापते. पान ऊन अडवते, पण त्यातली बरीचशी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. यालाच आपण बाष्पोच्छ्वास म्हणतो. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता लागते. भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर सुमारे १००० वॅट, म्हणजे सेकंदाला १००० ज्यूल ऊन पडते. भागाकार करा: वेलाने उडवलेले एक लिटर पाणी म्हणजे एक चौरस मीटरवरचे चाळीस मिनिटांचे कडक ऊन. मात्र हे पाणी कोणी तरी वेलाला दिलेले असले पाहिजे. हा मुद्दा पुढे येणारच आहे.

आजारी माणूस आणि हॉपचा वेल

सावलीसाठी झाडाऐवजी वेल का? याचे उत्तर चार्ल्स डार्विनच्या एका कमी वाचल्या गेलेल्या ग्रंथात सापडते. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांनी ताण्यांच्या हालचालींवर लिहिलेला छोटा लेख वाचून डार्विनचे कुतूहल जागे झाले. ग्रे यांनी त्याला बियाही पाठवल्या. १८६३ च्या सुरुवातीला डाउन गावातल्या घरी त्याने स्वतःचे उबदार काचघर बांधून घेतले. त्याच वर्षी आजारपणामुळे खोलीबाहेर पडता येत नसताना त्याने कुंडीतला हॉपचा वेल खोलीत आणवला आणि त्याचा शेंडा रात्रंदिवस पाहत राहिला. शेंडा हवेत गोल फिरत होता. उबदार दिवसांत एका फेरीला त्याला सरासरी २ तास ८ मिनिटे लागत. आधार सापडेपर्यंत वेल असा चाचपडत राहतो. हे सारे काम १८६५ मध्ये प्रबंधरूपाने आणि १८७५ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले.

त्या अभ्यासात कळलावीच्या कुळातला वेलही होता. आपल्या रानांत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीच्या पानाचे टोक पाहा: तेच लांबून आकडा बनते आणि शेजारच्या काटकीला धरते. डार्विनचे म्हणणे थोडक्यात असे की, वेल उजेडापर्यंत पोचण्यासाठी चढतो, आणि स्वतः उभे राहण्यासाठी लाकूड घडवण्याचा खर्च वाचवतो. आपल्या दृष्टीने याचा अर्थ स्पष्ट आहे. झाडाला सावली धरायला वर्षे लागतात, वेलाला एक हंगाम पुरतो. मेढी आपण द्यायच्या, पाने त्याने द्यायची.

उलटे हरितगृह

युरोपीय लोक भारतात आले तेव्हा काचघराची कल्पनाही बरोबर आली. बंगळूरच्या लालबागेतले १८८९ चे काचगृह अजूनही दिमाखात उभे आहे. पण बंगळूरची हवा सौम्य आहे. कलकत्त्याजवळ शिवपूरच्या वनस्पती उद्यानात वेगळा प्रश्न होता. १८६४ च्या वादळाने तिथली मोठी झाडे झोपवली होती आणि सावलीत वाढणाऱ्या वनस्पतींवरचे छत्र गेले होते. १८७१ पासून अधीक्षक असलेल्या जॉर्ज किंग यांच्या काळात उद्यानाची नव्याने मांडणी झाली. तिथले ताडगृह काचेचे नाही. लोखंडी सांगाडा, त्यावर जाळी आणि जाळीवर वेल. घर तेच, पण काम उलटे: ऊन आत कोंडायचे नाही, ते चाळून घ्यायचे.

ही युक्ती आपल्याकडे नवी नव्हती. बंगालपासून विदर्भापर्यंत नागवेलीच्या पानांसाठी बांबू, गवत आणि फांद्यांची बंदिस्त सावलीघरे बांधत, त्यांना बरेजा म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या पानमळ्यांत शेवरी, हदगा, पांगारा, शेवगा यांच्या जिवंत आधारावर नागवेली चढवतात. सातपुड्याच्या पायथ्याशी अंजनगाव सुर्जी परिसरात पानवेलींबरोबर पिंपळीही अशाच सावलीत पिढ्यान्‌पिढ्या घेतली गेली आहे. पानमळ्याचा मालक पावसाळ्यात आधाराच्या झाडांच्या फांद्या छाटून उजेड आत घेतो आणि उन्हाळ्यासाठी पालवी राखतो. सावली ही कायमची वस्तू नसून ऋतूप्रमाणे कमीजास्त करायची गोष्ट आहे, हे ज्ञान त्या कोयत्यात आहे. आमच्या पुस्तकी मांडवात नेमके तेवढेच नव्हते.

दोन पंचांगे

आता आमची चूक आकड्यांत पाहू. लंडन सुमारे साडेएक्कावन्न अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे २१ जूनला मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ६२ अंशांवर असतो, तर २२ डिसेंबरला केवळ १५ अंशांवर. विसरवाडी सुमारे २१ अंशांवर आहे. इथे डिसेंबरातही मध्यान्हीचा सूर्य ४५ अंशांवर असतो, आणि मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तो थेट डोक्यावर येतो. जुलैच्या मध्यास तो पुन्हा एकदा डोक्यावर येतो, पण तेव्हा मध्ये ढग असतात. म्हणून इथे दक्षिणेच्या भिंतीवरचा वेल फारसा उपयोगी नाही. सावली माथ्यावरच हवी.

हे झाले सूर्याचे पंचांग. पानांचे पंचांग वेगळे. इंग्लंडात ऊन आणि पाने हातात हात घालून येतात: द्राक्षवेल वसंतात पालवतो, जून-जुलैत दाट होतो, हेमंतात झडतो. आपल्याकडे सर्वांत कडक ऊन चैत्र-वैशाखात, पावसाच्या आधी. आणि बहुतेक मांडवी भाज्यांची पाने पावसासोबत, म्हणजे ऊन ओसरल्यावर. दोन्ही पंचांगांत दोन-तीन महिन्यांची फट आहे, आणि रोपे त्याच फटीत मरतात.

मग इंग्लंडासारखी द्राक्षेच लावावीत का? तेही जमत नाही. महाराष्ट्रात द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलच्या सुमारास होते. नाशिककडे त्या दिवसांत बागेत जाऊन पाहा, मांडव बोडके असतात. गुळवेलीचीही कोरड्या दिवसांत पाने झडतात. नावाने वेल असून भागत नाही, त्याचा महिना जुळावा लागतो.

न्हाणीजवळचा मांडव

या कोड्याचे उत्तर आम्हाला पुस्तकात न मिळता परसात मिळाले. ऐन मे महिन्यात गावात फिरताना एखादाच मांडव हिरवा दिसतो. तो बहुधा न्हाणीजवळ किंवा भांडी घासायच्या जागेजवळ असतो, आणि बऱ्याचदा त्यावर तोंडलीचा वेल असतो.

तोंडलीचा वेल बहुवर्षायू आहे. थंडीत तो विसावतो, थंडी सरताच जुन्या खोडातून नवी पालवी फुटते, आणि पाणी मिळाले तर उन्हाळाभर तो पसरत राहतो. त्याची नर आणि मादी फुले वेगवेगळ्या वेलांवर येतात, म्हणून बी न लावता फळणाऱ्या वेलाची काडी लावतात. फुलांची हौस असेल तर मधुमालती किंवा कृष्णकमळही चालेल. आणि पाणी? मे महिन्यात एक चौरस मीटर हिरव्या छपराला दिवसाला साधारण पाच ते सात लिटर पाणी लागते असे धरा. दहा चौरस मीटरच्या मांडवाला पन्नास ते सत्तर लिटर. पाच माणसांच्या घरात माणशी एक बादली अंघोळीचे पाणी साधारण तेवढेच भरते. ज्या गृहिणीने न्हाणीच्या पाण्यावर वेल सोडला तिने हा हिशेब कागदावर मांडला नव्हता, पण उत्तर बरोबर काढले होते. जिथे प्यायलाच पाणी नाही तिथे मात्र वेलाचा हट्ट धरू नये. तिथे जाळी किंवा वाळल्या गवताचे छप्पर बरे.

आम्ही दुसऱ्या वेळी असे केले. हरितगृहाच्या छपरापासून हातभर उंचीवर स्वतंत्र मेढींचा मांडव घातला. वेल प्लास्टिकवर टेकला की ओल धरते, कीड लपते आणि वादळात ओझ्याने सगळेच खाली येते, म्हणून हे अंतर. माथ्याशी गरम हवेला वाट ठेवली. न्हाणीचे पाणी चर खणून तोंडलीच्या आळ्यात सोडले. मृग लागल्यावर कोयता घेऊन निम्मी पाने उतरवली, कारण ढगाळ दिवसांत रोपांना उजेडाची गरज सावलीपेक्षा जास्त असते. पुढच्या उन्हाळ्यात मिरचीची रोपे तगली.

वर्गासाठी

हरितगृह नसले तरी हा अभ्यास कोणत्याही शाळेत करता येईल. तीन सारखे खोके, तीन तापमापी. एक खोका उघड्या उन्हात, दुसरा शेडनेटच्या तुकड्याखाली, तिसरा वेलाच्या मांडवाखाली. तापमापीच्या फुग्यावर थेट ऊन पडणार नाही याची काळजी घ्यावी. होळीपासून मृगापर्यंत रोज दुपारी दोन वाजता नोंद करावी. सुट्टीत जवळ राहणाऱ्या मुलांनी पाळीपाळीने यावे. सोबत एक रकाना वेलाच्या पानांसाठी ठेवावा: पालवी कधी फुटली, छप्पर कधी झाकले, पाने कधी झडली. गावातल्या पाच-सहा वेलांची अशी नोंद वर्षभर ठेवली तर त्या गावाचे मांडवाचे पंचांग तयार होईल. ते नवापूरचे वेगळे असेल, रत्नागिरीचे वेगळे. कोणत्याही छापील पुस्तकात ते मिळणार नाही.

आणि एकदा तो तापमापी वर्गातही टांगून पाहावा. आपल्या कितीतरी शाळांवर अजून पत्रा आहे. वर तापलेला पत्रा, खाली कोंडलेली हवा, आणि रोपांच्या जागी मुले. हरितगृहाला लावलेला सारा विचार इथे तसाच लागू पडतो: सावली छपराच्या वर, मध्ये वाऱ्याला वाट, आणि पाने मार्च-एप्रिलमध्ये हवीत. शाळेच्या हातपाय धुण्याच्या नळाचे पाणी कोठे जाते, एवढे आधी पाहून ठेवावे. तोंडलीची काडी तिथेच लावायची आहे.